दातांत धरलेली ट्यूब

कॉलरबोनमध्ये प्लेट बसवल्यावर पहिले दोन आठवडे उजव्या हातानं फोनसुद्धा धरवत नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याला जेवढं जमतं तेवढंच आयुष्य उरतं: स्क्रोल, पॉज, पुढे. त्या दोन आठवड्यांत मी 'टूर द फ्रान्स: अनचेन्ड'चा पहिला सीझन दोनदा पाहिला. सायकलवरून पडलेल्या मुलीनं सायकलवरून पडणाऱ्या माणसांची मालिका बघणं म्हणजे पोट बिघडलेल्यानं खाऊगल्लीचे व्हिडिओ बघत बसणं, असं आईचं म्हणणं होतं. अगदीच चूक नव्हतं.

आधी माझं सांगते. फेब्रुवारीतली एक हौशी रोड रेस. सत्तर किलोमीटर, घाट चढून उतरायचा आणि मग सपाटीवर फिनिश. उतारावरच्या एका उजव्या वळणात खडी होती आणि मी पडले. एक्स-रेमध्ये हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले दिसत होते. एक प्लेट, सात स्क्रू, आणि निदान दोन-अडीच महिने रस्त्यावर सायकल बंद. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगत होते. इथेही आत्ता एवढंच सांगतेय.

नेटफ्लिक्सनं ही मालिका ८ जून २०२३ रोजी आणली. विषय २०२२ ची टूर. फॉर्म्युला वनवरची 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' ज्यांनी केली, त्याच घरातलं हे काम, त्यामुळे घाट ओळखीचा आहे. खुर्चीत बसून बोलणारी माणसं, मग अचानक रस्ता, मग ढोल बडवल्यासारखं संगीत. बावीस संघांपैकी आठांनी कॅमेरा आपल्या बसमध्ये येऊ दिला. मालिका वाईट नाही. सायकलिंग म्हणजे नुसती 'पळापळ' नाही, एका माणसानं जिंकावं म्हणून बाकीचे सात जण वारा खातात, हे माझ्या भावाला मी चार वर्षांत समजावू शकले नव्हते. मालिकेनं ते एका भागात समजावलं.

माझं भांडण आहे ते पडण्याशी. म्हणजे मालिकेतल्या पडण्याशी.

एक तर आवाज. पडद्यावर कोणी पडलं की धाडकन असा खोल, पोटात जाणारा आवाज येतो. खरं पडणं तसं वाजत नाही. ते कोरडं असतं, भांड्यांचं कपाट कलंडल्यासारखं. कार्बन, प्लास्टिक, कोणाची तरी बाटली घरंगळत जाते. आणि मग सगळ्यात विचित्र भाग: आडव्या पडलेल्या सायकलचं मागचं चाक फिरत राहतं आणि फ्रीहबची टिकटिक चालू असते. तेवढी एकच गोष्ट आजूबाजूला शांतपणे आपलं काम करत असते. माझ्या पडण्यातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच. कुठल्याही संपादकानं हा आवाज ठेवलेला मी पाहिलेला नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि त्यासाठी फाबिओ याकोब्सनकडे जायला हवं.

याकोब्सन हा डच स्प्रिंटर. ५ ऑगस्ट २०२० रोजी 'टूर ऑफ पोलंड'च्या पहिल्या टप्प्यात, कातोवित्से शहरातल्या फिनिशला, ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपासच्या वेगात तो आणि डायलन ग्रोनवेगन शेजारी शेजारी होते. ग्रोनवेगननं आपली रेघ सोडली. याकोब्सन कडेच्या बॅरिअर्सवर गेला आणि बॅरिअर्स त्याला घेऊनच उडाले. डॉक्टरांनी त्याला औषधांनी कोमात ठेवलं. चेहऱ्यावर १३० टाके पडले, बरेच दात गेले, आणि पुढे जबडा उभा करण्यासाठी कमरेचं हाड काढून लावावं लागलं. २ जुलै २०२२ रोजी हाच माणूस आपल्या पहिल्याच टूरमध्ये, डेन्मार्कमधल्या नायबोर्गला, दुसरा टप्पा जिंकला.

अशी गोष्ट हातात असताना मालिका काय करणार हे सांगायला नको. आधी कातोवित्सेचं फुटेज, मग थरथरत्या आवाजातल्या मुलाखती, मग नायबोर्ग. पहिल्यांदा पाहताना मी रडले. सोफ्यावर उशांच्या ढिगात बसून एका हातानं डोळे पुसले आणि मनात म्हटलं, हा जबडा घेऊन परत येतो, तर माझं एक हाड काय चीज आहे.

दुसऱ्यांदा पाहताना मी तारखा मोजल्या. पडणं ऑगस्ट २०२० चं. नायबोर्ग जुलै २०२२ चं. मधे तेवीस महिने आहेत. त्या तेवीस महिन्यांत तो एप्रिल २०२१ मध्ये टर्कीतल्या शर्यतीत पहिल्यांदा पेलोटॉनमध्ये परत आला आणि काहीही जिंकला नाही. त्याच शर्यतीत त्याच्याच संघातला मार्क कॅव्हेंडिश चार टप्पे जिंकला. मग जुलैत बेल्जियममध्ये दोन छोटे विजय. मग त्याच वर्षीच्या स्पेनच्या वुएल्तामध्ये तीन टप्पे आणि हिरवी जर्सी. म्हणजे नायबोर्गला तो परत आला नव्हता. परत येऊन त्याला वर्ष उलटून गेलं होतं. फक्त आपला कॅमेरा नायबोर्गला पोचला होता.

मला बघायची होती ती टर्की. आठ महिन्यांनी पहिल्यांदा दीडशे माणसांच्या घोळक्यात घुसताना तो कुठे उभा राहिला? किती मागे? कोणाचं कोपर लागलं तेव्हा त्यानं काय केलं? त्याच्याच कपड्यांतला दुसरा माणूस पुढे हात वर करून जिंकत असताना, सदतिसाव्या की नव्वदाव्या नंबरवर रेघ ओलांडताना त्याच्या मनात काय होतं? दुखापत तिथे राहते. एक्स-रेमध्ये तर ती सहा आठवड्यांनीच संपलेली दिसायला लागते. पण ती बघायला बसलो तर कंटाळवाणी आहे, आणि कंटाळा दाखवायला प्लॅटफॉर्मला परवडत नाही. अंगठा लगेच 'पुढे'वर जातो. माझाही जातोच की.

पडण्याची गोष्ट अशी कापण्याची सवय काही नेटफ्लिक्सनं लावलेली नाही. सायकलिंगमधला बहुधा सर्वांत प्रसिद्ध दुखापतीचा फोटो १९५६ च्या जिरो द'इतालियाचा आहे. फिओरेंझो मान्यी, वय पस्तीस, शेवटचा हंगाम. मधल्या एका टप्प्यात पडून त्याचं डावं कॉलरबोन मोडलं. प्लास्टर नको म्हणाला. पुढे बोलोन्यामधल्या सान लूकाच्या चढावर त्याला डाव्या हातानं हँडलबार ओढता येईना, तेव्हा मेकॅनिकनं सायकलची ट्यूब कापून एक टोक हँडलबारला बांधलं आणि दुसरं मान्यीनं दातांत धरलं. फोटोत तो चढ चढतोय आणि ओठांतून हँडलबारपर्यंत रबराची ताणलेली रेघ आहे.

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी हा फोटो येतो, खाली ज्वाळांचे इमोजी आणि 'दात-ओठ खाऊन लढणारा वीर' छापाच्या ओळी. मीही एकदा फॉरवर्ड केला होता. हाड मोडल्यावर तो मला वेगळा दिसायला लागला. चढावर उभं राहून पेडल मारताना आपण हँडलबार किती जोरानं खेचतो, हे तो हात गेल्याशिवाय कळत नाही. उजवा पाय खाली दाबायचा तर उजव्या हातानं वर ओढायला लागतं, नाहीतर जोर जिरायला जागाच नसते. एक हात गेला की दुसरीकडून धरायला काहीतरी हवं. म्हणजे फोटोत शौर्य आहेच, पण त्याहून जास्त हिशेब आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर तो जुगाड आहे, आणि फार हुशार जुगाड आहे. त्या मेकॅनिकचं नाव फालिएरो मासी. पुढे सायकलच्या फ्रेम बनवणारा म्हणून त्याला मोठा मान मिळाला, पण फॉरवर्डमध्ये तो नसतो.

आणि फोटोनंतरचं फारसं कोणी सांगत नाही. मोडक्या हातानं ब्रेक नीट लागत नव्हता, त्यामुळे मान्यी पुन्हा पडला, आता दंडाचं हाड मोडलं, शुद्ध गेली. अॅम्ब्युलन्समध्ये शुद्धीवर आल्यावर ओरडून गाडी थांबवायला लावली आणि परत सायकलवर बसला. बोंदोनेच्या डोंगरावरच्या बर्फातल्या टप्प्यात, जिथे डझनावारी लोकांनी शर्यत सोडली, तिथूनही तो पार झाला आणि शार्ली गॉलच्या मागे एकूण दुसरा आला. हे ऐकताना आपण 'बापरे' म्हणतो. म्हणायला हवंच. पण पहिल्या मोडण्यानं दुसरं मोडणं घडवलं, हे त्या 'बापरे'त हरवतं. आज कोणी शुद्ध हरपलेल्या माणसाला पुन्हा सायकलवर बसू दिलं तर आपण त्या संघाच्या डॉक्टरला सोडणार नाही.

वेदनेच्या या भक्तीची सर्वांत चोख चिरफाड मला एका खोटं बोललेल्या माणसाच्या पुस्तकात सापडली. टायलर हॅमिल्टनचं 'द सीक्रेट रेस', डॅनिएल कॉइलबरोबर लिहिलेलं, २०१२ चं. हॅमिल्टन हा वेदनेचा सुपरस्टार होता. २००२ च्या जिरोत मोडक्या खांद्यानं दुसरा आला. वेदना सोसताना दात इतके आवळले की ते झिजले आणि नंतर डेंटिस्टकडे चकरा झाल्या. २००३ च्या टूरमध्ये पहिल्याच टप्प्यात कॉलरबोन मोडलं, तरी पुढे बायोनला एकट्यानं पळून टप्पा जिंकला आणि एकूण चौथा आला. मग तो डोपिंगमध्ये सापडला, बरीच वर्षं नाकारत राहिला, आणि शेवटी या पुस्तकात सगळं सांगितलं: ईपीओ, फ्रीजमधल्या रक्ताच्या पिशव्या, सगळं.

या पुस्तकाबद्दल बोलताना लोक लान्स आर्मस्ट्राँगचीच चर्चा करतात. मला अडकवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मोडलेलं हाड खरं होतं. एक्स-रे जगाला दाखवला होता. रक्ताची पिशवीही तितकीच खरी होती. आपण हाडाकडे बघत होतो म्हणून पिशवी दिसली नाही. एवढं सोसणारा माणूस खोटं कसं बोलेल, असं आपल्याला वाटतं; सोसण्याला आपण चारित्र्याचा दाखला मानतो. हॅमिल्टन स्वतःला फार सूट देत नाही. नैराश्याबद्दल तो उघड लिहितो, आणि सोसणं हीच आपली खरी गुणवत्ता होती हेही. वाचताना मला वाटत गेलं की शरीराची वेदना त्याला एका अर्थी सोयीची होती. ती चालू असेपर्यंत दुसरं काही ऐकू येत नाही. मधले काही भाग घाईत उरकलेत, पहिल्या बायकोबद्दल तर मला अजून वाचायला आवडलं असतं. पण पडण्याबद्दल लिहिणाऱ्या कोणीही आधी हे पुस्तक वाचावं.

आता उरलेलं सांगते.

त्या वळणात खडी होती, खरंच होती. मी ती पाहिली आणि चुकवायला डावीकडे सरकले. मागे बघितलं नाही. माझ्या डाव्या मागच्या अंगाला दुसऱ्या क्लबची एक मुलगी होती. तिचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागलं आणि ती गेली. आवाज आला, मी दचकून ब्रेक आवळला आणि जी खडी चुकवायची होती तिच्यावरच जाऊन पडले. तिचं मनगट मोडलं. ती टिकटिक माझ्या चाकाची नव्हती, तिच्या चाकाची होती.

'अनचेन्ड' पहिल्यांदा पाहताना मी याकोब्सन होते. दुसऱ्या वेळी तो भाग अर्ध्यात थांबवला, कारण त्या जोडीतली मी दुसरीच होते.

ग्रोनवेगनला नऊ महिन्यांची बंदी झाली. त्याला आणि त्याच्या घरच्यांना इतक्या धमक्या आल्या की पोलिसांचं संरक्षण घ्यावं लागलं. त्याचंही कॉलरबोन मोडलं होतं, पण त्याबद्दल कोण विचारणार. चूक त्याचीच होती, तो स्वतःही ते म्हणाला. पण उतारावरचा तो फिनिश कोणी ठेवला, धक्का लागताच सुटे होऊन उडणारे बॅरिअर्स कोणी लावले, हे प्रश्न खेळाडू आधीपासून विचारत होते, आणि धमक्या मात्र एकट्या ग्रोनवेगनला आल्या. मग नायबोर्गनंतर दुसऱ्याच दिवशी, ३ जुलै २०२२ रोजी, डेन्मार्कमधल्याच सोन्डरबोर्गला तिसरा टप्पा कोण जिंकला? ग्रोनवेगन. वाऊट वान आर्टला फोटो फिनिशमध्ये हरवून.

पटकथा लिहिणाऱ्यानं असं काही सुचवलं असतं तर त्याला हाकलून दिलं असतं. एका दिवशी पडलेला जिंकतो, दुसऱ्या दिवशी पाडणारा. पण ग्रोनवेगनचा संघ त्या आठात नव्हता. त्याच्या बसमध्ये कॅमेरा नाही. याकोब्सनच्या गोष्टीत तो येतो तो घडलेल्या अपघातासारखा, खराब रस्ता किंवा पाऊस असावा तसा. मी मालिकेला अप्रामाणिक म्हणणार नाही. जिथे दार उघडलं तिथेच ती गेली. पण दार कुठे उघडलं यावर दुखापत कोणाची हे ठरावं, हे मला जड जातं. पाडणाऱ्याचं परत येणं कसं असतं? तो पुढच्या स्प्रिंटमध्ये रेघ धरतो तेव्हा त्याच्या हातात काय होतं? हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्या आठवड्यात तर फारच हवं होतं.

आणखी एक बंद दार सांगून टाकते. ही मालिका फक्त पुरुषांची आहे. २४ जुलै २०२२ ला पुरुषांची टूर पॅरिसमध्ये संपली, आणि त्याच दिवशी त्याच शहरात 'टूर द फ्रान्स फाम' सुरू झाली. ती जिंकली आनेमीक वान फ्लोटननं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आघाडीवर असताना व्हिस्टा चिनेझाच्या उतारावर ती पडली होती. पाठीच्या मणक्यांना बारीक फ्रॅक्चर, मेंदूला धक्का, रस्त्याच्या कडेला निपचित पडलेली ती साऱ्या जगानं लाइव्ह पाहिली. पुढच्याच वर्षी ती टाइम ट्रायलची जागतिक विजेती झाली. मालिकेचा कॅमेरा ज्या गोष्टीच्या शोधात होता ती त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी उभी होती.

उताराच्या भीतीबद्दल मला सर्वांत खरं वाटलेलं पुस्तक दुखापतीबद्दल नाहीच. टिम क्राबेची 'द रायडर' ही छोटी डच कादंबरी, १९७८ ची, इंग्रजीत मिळते. एक हौशी शर्यत, किलोमीटर-किलोमीटरनं सांगितलेली. निवेदक चढावर चांगला आहे आणि उतारावर घाबरट. चढावर कमावलेलं तो उतारावर गमावतो, आणि हे तो पुढच्या वळणाबद्दल सांगावं तितक्याच सपाटपणे सांगतो. कुठे रडारड नाही, मात केल्याची गोष्ट नाही. भीती त्याच्यासाठी वाऱ्यासारखी आहे, हिशेबात धरायची गोष्ट. या कादंबरीतले पुरुष एकमेकांवर जरा जास्तच भाळलेले आहेत, आणि बायका जवळपास नाहीत, हे सांगायला हवं. तरी भीतीला नायक किंवा खलनायक न करता नुसती हजर ठेवणं मला इतरत्र फारसं दिसलेलं नाही.

'अनचेन्ड' आल्यानंतर आठवडाभरानं, १५ जून २०२३ रोजी, 'टूर द स्विस'मध्ये आल्बुला घाटाच्या उतारावर जिनो मेडर रस्त्याबाहेर दरीत गेला. दुसऱ्या दिवशी तो वारला. सव्वीस वर्षांचा होता. मालिका तेव्हा नवी नवी होती, आणि पडणाऱ्या सायकली तिच्या ट्रेलरमध्ये वाजतगाजत होत्या. यात नेटफ्लिक्सचा काही दोष नाही. पण तो ट्रेलर मला परत बघता आलेला नाही.

माझी प्लेट अजून आत आहे. ब्लाउजच्या गळ्यातून व्रण दिसतो म्हणून आत्याला काळजी आहे. एप्रिलमध्ये ट्रेनरवर बसले, मेच्या शेवटी रस्त्यावर. चढ ठीक आहेत. उतारावर मी दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवूनच जाते आणि दर दहा सेकंदांनी मागे बघते, मागे कोणी नसतानाही. क्लबमधले म्हणतात, मागे बघताना पुढे पडशील.

त्या मुलीचा नंबर मला पहिल्याच आठवड्यात मिळाला होता. मेसेज केला तो नवव्या आठवड्यात. मनगट कसंय विचारलं. तिनं लिहिलं, बरंय, प्लास्टर निघालं, खडी होती ना तिथे? मी लिहिलं, होती, पण मी मागे न बघता लाइन सोडली. निळ्या टिका आल्या. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला: सायकलचा डिरेलर हँगर वाकलाय, तिच्या मॉडेलचा कुठे मिळत नाहीये, पुण्यात कोणाकडे असेल तर सांग.

शनिवारी तीन दुकानं फिरले. तिसऱ्यात मिळाला.